जुन्या मासिकांतले वाद शोधताना

जुन्या मासिकांतल्या चांगल्या चर्चा शोधायच्यात म्हणतेस, तर मुखपृष्ठावरची मोठी नावं आधी बाजूला ठेव. ती सगळ्यांनी वाचलेली असतात. थेट मागची पानं उघड, ‘पत्रव्यवहार’ पाहा. तिथे बारीक टायपात एखाद्या शिक्षकाने लेखकाची चूक पुराव्यानिशी दाखवलेली असते, आणि कधी कधी ते पत्र मूळ लेखापेक्षा सरस असतं!

पण एका अंकावर थांबू नकोस. जानेवारीच्या लेखाला उत्तर मार्चमध्ये येतं, लेखकाचा खुलासा त्याच्याही पुढे. म्हणून सुटे अंक नको, वर्षाचा बांधीव खंड माग. वार्षिक सूचीत एकच नाव दोनतीनदा दिसलं की तिथे वाद रंगलाय समज. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनचे दिवाळी अंक मला जीव की प्राण, पण वर्षातून एकदाच निघणाऱ्या अंकात उत्तर-प्रत्युत्तर कुठून मिळणार?

ठाण्यात १८९३ सालच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात कर. ग्रंथपालांना नेमका विषय सांग.

पान वरच्या कोपऱ्यातून हळू उचल, पिवळा कागद चुरतो. आणि महिना, वर्ष, पृष्ठ तिथल्या तिथे लिही. मी एकदा नाही लिहिलं. ते पत्र पुन्हा सापडलं नाही, अजून हळहळ वाटते.