आउटर बँक्सला एकट्याने कॅम्पिंग करताय? मग आधी हे वाचा

एकटे जाताय ते बेस्टच, पण नॉर्थ कॅरोलिनाची ही बेटं म्हणजे समुद्र आणि खाडीच्या मधली वाळूची पट्टी आहे, त्यामुळे वारा हाच खरा त्रास. तंबूसोबत येणाऱ्या छोट्या खुंट्या वाळूत अजिबात टिकत नाहीत, लांब आणि रुंद घ्या, आणि तंबू बुटका असेल तर उत्तम. सावली जवळपास नसतेच, डास मात्र भरपूर.

वादळ आलं की हायवे १२ वर पाणी-वाळू येऊन रस्ता बंद होतो, म्हणून एक दिवस मोकळा ठेवाच.

उत्तरेकडून सुरू करा. किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंचं स्मारक, १९०३ मधल्या चारही उड्डाणांचं अंतर जमिनीवर दगडांनी दाखवलंय, पहिलं फक्त १२० फूट, ते स्वतः चालून बघा, अंगावर काटा येतो! मग हॅटरसचं दीपगृह, समुद्र पायाशी आला म्हणून १९९९ मध्ये अख्खं २९०० फूट सरकवलं.

पुढे हॅटरसहून ओक्राकोक बेटावर नेणारी फेरी बोट गाडीसकट फुकट आहे, पण तिथून सीडर आयलंडला जायचं तर पैसे लागतात, बुकिंग आधीच करा.