उंदराला मंत्रचळ होतो का?

प्रश्न असा आहे: "ओसीडीच्या (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, मराठीत मंत्रचळ) जीवशास्त्रावरचा एक लेख मराठीत करते आहे. 'अ‍ॅनिमल मॉडेल'ला (माणसाच्या आजाराचा अभ्यास करण्यासाठी वापरलेल्या प्राण्यांना) मी 'प्राणी-आदर्श' म्हटलं आणि पुढे 'मंत्रचळ झालेले उंदीर' असं लिहिलं. संपादकांनी दोन्ही खोडलं. मग लिहू काय?"

'आदर्श' खोडला ते योग्यच झालं. आदर्श म्हणजे ज्याच्यासारखं व्हावं असं काही, आणि इथे उंदरासारखं कोणाला व्हायचं नाही. 'नमुना' लिहिलात तर वाचकाला रक्ताचा नमुना आठवेल. 'प्रारूप' सरकारी मसुद्याकडे झुकलं आहे. 'प्रतिमान' चालेल, पण 'मॉडेल' सगळ्यांना कळतं, म्हणून मी 'प्राणी-मॉडेल' लिहीन. एवढं त्याबद्दल पुरे.

दुसरी खोडाखोड मात्र मोलाची आहे. मंत्रचळ हा मराठीतल्या फार नेमक्या शब्दांपैकी एक आहे. 'चळणे' म्हणजे जागेवरून ढळणं, 'चळ लागणे' म्हणजे वेड लागणं. मंत्राच्या अनुष्ठानात चूक झाली की साधकाचं डोकं फिरतं, या जुन्या समजुतीतून हा शब्द आला. समजूत बाजूला ठेवा आणि चित्र पाहा: तेच तेच शब्द मनात घोळताहेत, मोजणी चुकली की काय ही धास्ती आहे, आणि म्हणून पुन्हा पहिल्यापासून. ओसीडी असलेल्या माणसाकडून हेच ऐकायला मिळतं. कुलूप लावलं हे त्याला ठाऊक असतं, तरी 'राहिलं असेल तर?' हा विचार सुटत नाही. नको असलेला विचार हा 'मंत्र', आणि त्याच्यापायी करावी लागणारी कृती हा 'चळ'. ध्यास, छंद, नाद हे शब्द इथे बसत नाहीत, कारण ती माणसाला हवीशी असतात. मंत्रचळ नकोसा असतो.

आता उंदराकडे वळू. ड्यूक विद्यापीठात ग्वोपिंग फेंग यांच्या गटाने २००७ साली सॅपॅप३ नावाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचं वर्णन प्रसिद्ध केलं. या जनुकापासून बनणारं प्रथिन चेतापेशींच्या जोडांवर असतं, आणि मेंदूच्या स्ट्रायटम या भागात ते भरपूर आढळतं. उंदीर एरवीही दिवसातून कितीतरी वेळा अंग साफ करतो, आणि त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी पुढचे पंजे नाकाभोवती छोटी वर्तुळं काढतात, मग डोळ्यांवरून, कानांमागून मोठे हात फिरतात, शेवटी मान वळवून तो अंग चाटतो. सॅपॅप३ नसलेले उंदीर हे इतकं करत राहिले की तोंडावरचे केस गेले आणि कातडीला जखमा झाल्या. फ्लुओक्सेटिन हे माणसांच्या ओसीडीवरचंच औषध काही दिवस दिल्यावर ते कमी झालं. हरवलेलं जनुक फक्त स्ट्रायटममध्ये परत घातलं, तरी वागणं सुधारलं. कपाळामागचा मेंदूचा पृष्ठभाग, स्ट्रायटम, थॅलॅमस हा मेंदूच्या आतला भाग आणि परत पृष्ठभाग असं जे चेतापेशींचं मंडल माणसांच्या मेंदूच्या प्रतिमांवरून ओसीडीसाठी संशयित होतं, त्याला इथे हात लावून पाहता आला. माणसाच्या मेंदूत असं करता येत नाही. प्राणी-मॉडेलचं मोल इथे आहे.

पण यातलं काय आपल्या डोळ्यांना दिसलं? फक्त चळ. मंत्र दिसला नाही, आणि उंदराला विचारायची सोय नाही. म्हणून 'मंत्रचळ झालेले उंदीर' म्हटलं की न पाहिलेली गोष्ट आपण पाहिली असं वाक्य सांगतं. 'अतिस्वच्छता' हा शब्दही टाळा. त्यात घाणीची किळस गृहीत धरली जाते, आणि उंदराच्या मनात ती आहे असं कोणी दाखवलेलं नाही. 'सतत अंग साफ करणे' लिहा, म्हणजे जे घडलं तेवढंच उतरेल.

२०१३ सालचा एक प्रयोग मात्र मला स्वतःला मोहात पाडतो. एक आवाज व्हायचा आणि थोड्या वेळाने उंदराच्या कपाळावर पाण्याचा थेंब पडायचा. पुसणं साहजिकच. हळूहळू सगळेच उंदीर आवाज ऐकताच पुसू लागले. साधे उंदीर पुढे शिकले की थेंब पडेपर्यंत थांबता येतं. सॅपॅप३ नसलेल्यांना थांबता आलं नाही, कपाळ कोरडं असतानाच पंजे वर जात राहिले. कपाळामागच्या मेंदूतल्या विशिष्ट चेतापेशी प्रकाशाने चेतवल्यावर ते थांबू शकले. 'येईल, येईल' ही धास्ती म्हणजेच त्यांचा मंत्र, असं म्हणावंसं वाटतं. तरी प्रयोगाने दाखवला तो सुटलेला आवर, धास्ती नव्हे.

पशुवैद्यकांनी हा भेद नावातच पाळला आहे. काही डोबरमन कुत्रे स्वतःची कूस चोखत राहतात, काही कुत्रे पाय चाटून चाटून जखम करून घेतात. अशा विकाराला 'कॅनाइन कम्पल्सिव्ह डिसऑर्डर' म्हणतात. 'ऑब्सेसिव्ह' हा नको असलेल्या विचारांचा अर्धा भाग तिथे अनेकांनी गाळला आहे.

मग मराठीत काय? कोणी 'चाळा' सुचवेल. शब्द गोड आहे, पण फार सौम्य, हाताला चाळा म्हणून आपण पेन फिरवतो. जखम होईपर्यंत चाटणं त्यात मावत नाही. 'अनिवार्य कृती' मला पटतं. 'अनिवार्य' म्हटलं की परीक्षेतला सक्तीचा विषय आठवतो हे खरं, पण मूळ अर्थ 'निवारता न येणारं' असा आहे, आणि तो इथे तंतोतंत लागू पडतो.

तुमचं वाक्य मी असं करीन: "मंत्रचळाच्या अभ्यासासाठी वापरलेल्या या प्राणी-मॉडेलमध्ये उंदीर अंग साफ करण्याची कृती अनिवार्यपणे करत राहतात." पुढे प्रत्येक वेळी 'मॉडेल' आणावं लागणार नाही, 'हे उंदीर' पुरेल. मंत्रचळ हा शब्द मात्र लेखातल्या माणसांसाठी राखून ठेवा.