सरांचे उत्तर येत नाही: दोष माझा की सर्व्हरचा?

समुपदेशक म्हणून पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मला एक प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा विचारला जातो. संस्थेची ई-मेल सेवा कधी चालते, कधी चालत नाही. पाठवलेले पोहोचले की नाही याची खात्री नसते. मार्गदर्शकांचे उत्तर आले नाही तर यंत्रणा बिघडली आहे की आपले कामच त्यांच्या पसंतीस उतरलेले नाही, हे कळत नाही, आणि त्या न कळण्यानेच झोप उडते. अशा वेळी मनाला आवर कसा घालावा? प्रश्न मनाविषयी विचारलेला असला, तरी त्याचे निम्मे उत्तर मनाबाहेर असते, असे माझे मत आहे. वडोदऱ्यातील एका संशोधक मुलीच्या अनुभवावरून ते मांडते. तिच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत.

मुलगी दांडिया बाजारात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील, वडील बँकेतून निवृत्त झालेले, आणि ती स्वतः एका पदव्युत्तर संशोधन संस्थेत चौथ्या वर्षात. २०२४ च्या डिसेंबरात तिला घेऊन आली ती तिची आई. "हिला काहीतरी समजवा, ताई. रात्री दोन-दोन वाजता उठून कॉम्प्युटर उघडून बसते," एवढे सांगून आई बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. मुलीने आधी सगळे नाकारले आणि मग एका दमात सांगितले. मुख्य मार्गदर्शकांना पाठवलेल्या दोन ई-मेलना उत्तर नव्हते. सहमार्गदर्शकांना थिसिसचे तिसरे प्रकरण पाठवून दीड महिना झाला होता. दुसऱ्या विद्यापीठातील एका तज्ज्ञांना प्रश्नावली तपासण्याची विनंती केली होती, तिकडेही शांतता. पोहोचले नसेल या भीतीने ती तीच फाइल पुन्हा पाठवी, नंतर खासगी खात्यावरूनही पाठवी. त्यावर सरांचे, म्हणजे मुख्य मार्गदर्शकांचे, एकदा एका ओळीचे उत्तर आले होते: "एकच फाइल तीनदा का पाठवता?" ती ओळ तिला पाठ झाली होती. सर आपल्यावर नाराज आहेत याचा तिच्याजवळचा लेखी पुरावा तोच होता.

त्यातच संस्थेने तिचा प्रगती अहवाल उशिरा आल्याचा शेरा मारला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडावी लागते आणि लेखी अहवाल द्यावा लागतो. तिच्या संस्थेत तो अधिकृत ई-मेलनेच द्यायचा असा दंडक होता. तिने तो मुदतीच्या आदल्या रात्री पाठवला होता आणि कार्यालयाला तो मुदत संपल्यानंतर दिसला. विचारायला गेली तेव्हा खिडकीतून उत्तर मिळाले, "सर्व्हर डाउन छे बेन, काले आवजो." दुसऱ्या दिवशी सर्व्हर सुरू होता, पण शेरा तसाच राहिला.

मी तिला एक प्रश्न विचारला, ज्याचा संबंध सुरुवातीला तिला कळला नाही. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, वीज आणि नेट बंद पडले, तेव्हा ई-मेलची काळजी वाटत होती का? ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "नाही. तेव्हा तर बरं वाटत होतं. सगळ्यांचंच बंद होतं ना." या उत्तरात तिच्या त्रासाचे स्वरूप स्पष्ट दिसते. पूर्ण बंद पडलेली सेवा गैरसोयीची असते, पण ती कोणाला स्वतःविषयी शंका घ्यायला लावत नाही. मधूनच चालणारी आणि मधूनच न चालणारी सेवा ते करते, कारण प्रत्येक शांततेचे दोन अर्थ संभवतात आणि खचलेले मन त्यांतील वाईट अर्थ आधी उचलते.

रात्री उठून इनबॉक्स उघडण्याचे कारणही येथेच आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरांना चोच मारल्यावर दाणा कधी मिळे, कधी नाही, आणि कधी मिळेल याचा काही नेम नसे. अशी कबुतरे दाणा पूर्ण थांबवल्यावरही दीर्घकाळ चोच मारत राहिली. या मुलीच्या बाबतीत अडकलेले ई-मेल पहाटे एकदम सात-आठ येऊन पडत. म्हणजे रात्री उठून पाहण्याला अधूनमधून खरोखर फळ मिळत होते. आई ज्याला नाद म्हणत होती तो त्या यंत्रणेने लावलेला होता, आणि हे आईलाही सांगणे मला आवश्यक वाटले.

अशा प्रसंगी श्वसनाचे व्यायाम सांगून पाठवण्याची आमच्या व्यवसायात एक रीत आहे. ते व्यायाम उपयोगी आहेत, याविषयी वाद नाही. परंतु बाहेर खरोखर काही बिघडलेले असताना केवळ आतले सांभाळायला सांगणे म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला छत्री धरायला शिकवण्यासारखे आहे. म्हणून पुढच्या भेटीला मी तिला लॅपटॉप घेऊन यायला सांगितले.

तिच्या इनबॉक्समध्ये 'मेलर-डीमन' या नावाने, म्हणजे ई-मेल पोहोचवता आला नाही हे कळवण्यासाठी सर्व्हरने आपोआप पाठवलेले, बरेच संदेश न उघडलेले पडून होते. त्या नावाचे संदेश म्हणजे काहीतरी चुकले असणार, आणि चुकले असेल तर ते आपलेच, या धास्तीने तिने ते वाचलेच नव्हते. आम्ही ते एकेक करून उघडले. अशा संदेशात तीन अंकी क्रमांक असतो: चाराने सुरू होणारा क्रमांक म्हणजे तात्पुरती अडचण, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करील, पाचाने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार, ई-मेल परत आला. इंटरनेटच्या प्रचलित तांत्रिक नियमानुसार पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारण चार ते पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत असे अपेक्षित असते. त्यामुळे एखादा ई-मेल सोमवारी निघून गुरुवारी पोहोचू शकतो आणि त्यात कोणाचाही आळस किंवा राग नसतो. सरांना पाठवलेले तिचे दोन्ही ई-मेल पाचाच्या क्रमांकाने परत आले होते. कारण तेथेच लिहिलेले होते: ज्यांना पाठवले त्यांची मेलपेटी भरलेली आहे.

ती ते वाक्य बराच वेळ पाहत राहिली आणि नंतर तिला हसू आले.

प्रगती अहवालाचा ई-मेल परत आलेला नव्हता, तो उशिरा पोहोचला होता. त्याची पोच कार्यालयाने त्याच्या पूर्ण शीर्षनोंदीसह तिला परत पाठवली होती, म्हणून तपासणे सोपे गेले. शीर्षनोंद म्हणजे प्रत्येक सर्व्हरने ई-मेल हाती घेताना मारलेला वेळेचा शिक्का. या नोंदी खालून वर वाचायच्या असतात, आणि भारतीय वेळेपुढे अधिक ०५३० असे लिहिलेले असते. खालच्या नोंदीत मुदतीच्या आदल्या रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटे होती. त्याच्या वरच्या नोंदीत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होती. मधला सगळा वेळ तो ई-मेल संस्थेच्याच सर्व्हरवर रांगेत पडून होता.

बाहेरच्या तज्ज्ञांचे प्रकरण निराळे होते. ते जीमेल वापरत. पाठवणाऱ्याने आपल्या डोमेनची, म्हणजे ई-मेल पत्त्यातील @ नंतरच्या भागाची, ओळख एसपीएफ किंवा डीकेआयएम या पद्धतीने सिद्ध करावी, अशी अट जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केली आहे. ज्या संस्थेने ती मांडणी नीट केलेली नसते तिचे ई-मेल परत येऊ शकतात किंवा स्पॅममध्ये जाऊ शकतात, आणि तेथून ते तीस दिवसांनी आपोआप नाहीसे होतात. तज्ज्ञांना फोन केल्यावर विनंती स्पॅममध्येच सापडली, आणि ती पुसली जाण्याच्या बेतात होती.

येथवर सर्व दोष यंत्रणेवर गेला, आणि तसाच तो सगळा यंत्रणेवरच ढकलून मुलीला मोकळे करण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु सहमार्गदर्शकांना पाठवलेले तिसरे प्रकरण त्यांना मिळाले होते. त्यांच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी त्यातील एका तक्त्याचा उल्लेख केला होता, आणि हे तिला ठाऊक होते. इतके दिवस ती ते स्वतःपासूनच लपवत होती. म्हणजे ही एक शांतता माणसाची होती. त्या दिवशी ती रडली ती यावर. मला ते रडणे मागच्या भेटीतील सुटकेपेक्षा अधिक मोलाचे वाटले, कारण आता तिच्यापुढे धूसर भीतीऐवजी एक नेमका प्रश्न होता: सहमार्गदर्शकांनी प्रकरण वाचले आहे आणि ते काही बोलत नाहीत, तर काय विचारायचे?

मग आम्ही कामाला लागलो. ई-मेल दिवसातून तीनदाच पाहायचा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातच्या आत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील कुश्लेव्ह आणि डन यांच्या २०१५ च्या अभ्यासात, लोकांनी आठवडाभर दिवसातून तीनदाच ई-मेल पाहिला तेव्हा त्यांचा ताण कमी आढळला होता. त्या लोकांची सेवा भरवशाची होती असे धरायला हरकत नाही. येथे ती नसल्यामुळे नुसता नियम पाळणे पुरेसे नव्हते. तातडीचे काही असल्यास सर फोन करतील, असे त्यांच्याशी आधी ठरवून घेणे आवश्यक होते, आणि नेमके तेच तिला अवघड वाटत होते. मोठ्यांना पुन्हा विचारणे म्हणजे उद्धटपणा, अशी आपल्या घरांतील शिकवण असते. वडिलांचा सल्ला "एकदा जाऊन भेटून ये की" असा होता. तो बरोबरच होता, पण भेटल्यावर तोंडातून काय काढायचे हे त्यात नव्हते. म्हणून आम्ही वाक्य घोटून घेतले: "सर, आपल्या मेलपेटीत जागा नसल्यामुळे माझे दोन ई-मेल परत आले आहेत. ही छापील प्रत आणली आहे. पुढे पाठवताना आपल्याला फोनवर कळवले तर चालेल का?" या वाक्यात क्षमायाचना नाही, आरोपही नाही, आणि सरांना फक्त हो किंवा नाही म्हणायचे आहे.

ती भेटून आली ते वेगळ्याच बातमीसह. सरांना आपली पेटी भरल्याची कल्पनाच नव्हती. कित्येक आठवडे कोणाचेच काही येत नाही हे पाहून, यंदाची मुले आळशी झाली आहेत, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. 'एकच फाइल तीनदा' ही ओळ त्यांना आठवतही नव्हती.

अहवालावरील शेऱ्यासाठी तिने लेखी अर्ज केला आणि सोबत शीर्षनोंद जोडली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पाठवल्याची आणि मिळाल्याची वेळ कशी धरावी हे सांगितलेले आहे: वेगळे काही ठरलेले नसेल, तर नोंद पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक-यंत्रणेत शिरली की ती पाठवली गेली, आणि ज्याला पाठवायची त्याने नेमून दिलेल्या यंत्रणेत शिरली की ती मिळाली. ती कोणी केव्हा उघडून वाचली, याला तेथे महत्त्व नाही. मी वकील नाही आणि अर्जात कलमे फेकावीत असा माझा सल्लाही नव्हता; पण आपली बाजू केवळ विनवणीची नाही, हे तिला कळणे आवश्यक होते. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान न झाल्यास विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते, हेही तिला सांगितले. हा अर्ज एकटीने न करता इतर संशोधकांना विचारून करावा, असे सुचवले. विचारल्यावर असे कळले की, तिच्याच मजल्यावरील कित्येक जण असेच रात्री उठून इनबॉक्स पाहत होते आणि प्रत्येकाला तो आपला एकट्याचा दुबळेपणा वाटत होता.

संगणक विभागातील माणसांविषयीही एक सांगितले पाहिजे. त्या विभागात एक कायम तंत्रज्ञ आणि एक कंत्राटी मुलगा, एवढेच मनुष्यबळ होते. "मेल चालत नाही" या तक्रारीवर त्यांना काही करता येत नाही. तारीख, वेळ, कोणाला पाठवला आणि कोणता क्रमांक आला, हे दिले तर करता येते. तिने एक वही घातली आणि त्यात हे लिहू लागली. वहीने तिची झोप सुधारली असा माझा दावा नाही, पण रात्री जे डोक्यात फिरत असे ते आता कागदावर होते. खासगी खात्यावरून पाठवण्याचा मार्ग मात्र मी सरसकट सुचवला नाही, कारण तिच्या माहितीत मुलाखती दिलेल्या लोकांचे तपशील होते. सरांची परवानगी घेऊन मगच, आणि तेही फक्त प्रकरणांपुरते, असे ठरले.

ज्यांची झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ मोडलेली आहे, जेवण तुटले आहे किंवा जगणे नकोसे वाटत आहे, त्यांनी सर्व्हर दुरुस्त होण्याची वाट पाहू नये; मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर केव्हाही फोन करावा. या मुलीला त्याची गरज पडली नाही.

शेरा काढून टाकण्यात आला. मेलपेट्यांची मर्यादा वाढवण्याचे आश्वासन मिळाले, ती अद्याप वाढलेली नाही, आणि सेवा आजही आठवड्यातून एखाद्या दिवशी बसते. सहमार्गदर्शकांना भेटायला तिला सर्वांत जास्त दिवस लागले. त्यांना नमुन्याची निवडच, म्हणजे अभ्यासासाठी कोणाला निवडले तेच, पटलेले नव्हते आणि ते सांगणे ते टाळत होते. सांगितले तेव्हा मात्र तासभर सांगितले. ती माझ्याकडे आली ती चिडून, त्यांचे तीन मुद्दे चूक आणि दोन बरोबर आहेत असे म्हणत. तो पूर्ण तास आम्ही नमुनानिवडीवर बोललो. तिसऱ्या प्रकरणाची दुरुस्त प्रत तिने मार्चमध्ये छापून स्वतः नेऊन दिली आणि त्याच दिवशी ई-मेलनेही पाठवली.