पाकिटावर काहीही छापता येतं

मी मानसोपचारतज्ज्ञ, कामाचा मोठा भाग व्यसनमुक्तीचा. मुलांच्या दप्तरात, कपाटात ओळखू न येणारं काही सापडलं तर कळवा, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतोय.

मुलगा अकरावीत आहे. त्याच्या कपाटात चकचकीत झिपवालं पाऊच मिळालं. वर 'हर्बल धूप, सेवनासाठी नाही' असं इंग्रजीत लिहिलंय. आत चहापत्तीसारखा हिरवट पाला. चिमूटभर निखाऱ्यावर टाकून पाहिला तर उग्र वास आला. तो म्हणतो, खोलीत वासासाठी आणलाय. खरं मानू का? (नाशिक)

ताई, आधी एक करा. परत पेटवू नका, तो धूर तुमच्याही नाकात जातो. आता धुपाबद्दल. धूप कोणी खात नाही, मग खाऊ नका असं बजावायची वेळ विकणाऱ्यावर का यावी? ते वाक्य तुमच्यासाठी नाही, पोलिसांसाठी आणि कोर्टासाठी छापलेलं असतं. 'आम्ही तर सांगितलं होतं' म्हणायची सोय.

ही युक्ती जुनी आहे. युरोपात 'स्पाइस' नावाने असाच धूप विकला जायचा. पाकिटावर वनस्पतींची लांबलचक यादी असायची. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीत तो तपासला, तेव्हा नशा त्या वनस्पतींची नव्हतीच असं निघालं. पाल्यावर प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन फवारलेलं होतं, जेडब्ल्यूएच-०१८. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातले जॉन हफमन यांनी ते संशोधनासाठी तयार केलं होतं. नावातली अक्षरं त्यांचीच आद्याक्षरं. गांजा मेंदूवर कसा काम करतो हे त्यांना समजून घ्यायचं होतं, आणि त्यांच्या कामाच्या जोरावर भलत्यांनीच दुकान मांडलं.

याला 'नकली गांजा' म्हणतात, त्यामुळे मुलांना ते गांजाहून सौम्य वाटतं. प्रकार उलटा आहे. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, मेंदूतलं बटण अर्धवट दाबतं, यातली बरीच रसायनं ते पूर्ण दाबून धरतात. त्यात फवारणी सगळीकडे सारखी बसत नाही. एका चिमटीत काहीच नाही, त्याच पाकिटातल्या दुसऱ्या चिमटीत फिट येण्याइतका डोस. विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अशा मालात ब्रोडिफॅकूम निघालं, म्हणजे उंदीर मारायचं औषध. दीडशेहून जास्त माणसं हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त येतंय म्हणून दवाखान्यात पोचली.

औषधाच्या दुकानातल्या लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. ती गांजा पकडते, हे सहसा पकडत नाही. पट्टी कोरी आली की आई निर्धास्त आणि पोरगा त्याहून निर्धास्त. 'कुठून आणलंस' ही चौकशी नंतर करा, आधी 'घेतल्यावर तुला काय होतं' हे विचारा. त्याचं उत्तर मुलं बरेचदा खरं देतात. उलट्या, फिट, छातीत धडधड, भ्रम यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि पाकीट डॉक्टरांना दाखवा.

मैत्रिणीच्या घरी पार्टीत एक गमी, म्हणजे नशेची जेलीसारखी गोळी, खाल्ली. पाऊण तास काही झालं नाही म्हणून दुसरी खाल्ली. मग रात्रभर वाटत होतं की आपण मरतोय. मैत्रीण म्हणते, भांगच तर आहे, होळीला सगळेच पितात. (पुणे)

दुसऱ्या गमीने घात केला. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला पोट आणि यकृत यांच्या वाटेने जातो. अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि यकृतात त्याचं जे रूप तयार होतं तेही चांगलंच जोरदार असतं. मग सहा-आठ तास सुटका नाही. थंडाई पिऊन उगाच हसत सुटणारे आणि मग मुसमुसून रडणारे काका प्रत्येक वाड्यात एक तरी असायचे, तोच हिशेब.

पण मैत्रिणीचं म्हणणं कायद्यात बसत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पानं आणि बिया वगळल्या आहेत, म्हणून पानांची भांग त्यातून सुटते. गमीत पान नसतं, काढलेला अर्क असतो. तो सुटत नाही. घरात लहान मूल असेल तर ही वस्तू उंबऱ्याच्या आत नको. तिच्यात आणि जेलीच्या गोळीत त्याला फरक कळायचा नाही.

बँकॉकला दुकानात गांजाची बिस्किटं मांडून ठेवलेली असतात, पावतीही देतात. दोन-चार पुडे आणले तर? (ठाणे)

नका आणू. थायलंडने जून २०२२ मध्ये दार उघडलं आणि जून २०२५ मध्ये गांजाच्या फुलांना डॉक्टरांची चिठ्ठी लावून ते बरंचसं ओढूनही घेतलं. पण तिकडचा नियम काही असो, मुंबई विमानतळावर ती पावती चालत नाही, तिथे हा अमली पदार्थ देशात आणण्याचा गुन्हा आहे. आणखी एक, हे फारसं कोणाला माहीत नसतं. हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मिश्रण असेल तर सगळ्याचं वजन धरायचं, नुसत्या अमली पदार्थाचं नाही. म्हणजे बिस्किटातला मैदा आणि साखरही तुमच्या खात्यावर.

'बाथ सॉल्ट' म्हणून विकतात ते अंघोळीचं मीठ असतं का? (डोंबिवली)

नाही, ती नशेची पूड असते. वजन बघा. पाय शेकायचं मीठ पाव-अर्धा किलोच्या पाकिटात येतं. अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत करंगळी तरी भिजेल का? मुंबईत ज्याला एमडी किंवा म्याऊ म्याऊ म्हणतात ते मेफेड्रोन याच गोतावळ्यातलं. ब्रिटनमध्ये ते 'झाडांचं खत' म्हणून खुलेआम विकत होते, एप्रिल २०१० मध्ये बंदी आली. आपल्याकडे २०१५ मध्ये.

आम्ही सिंगापूरला राहतो. मुलगा पंधराचा. त्याच्याकडे फळाच्या वासाचा व्हेप सापडला. हल्ली त्याचे हात थरथरतात, चालताना झोक जातो. निकोटिनने असं होतं का? (सिंगापूर)

झोक जाणं मला निकोटिनचं वाटत नाही. तिथे 'केपॉड' म्हणतात त्या नशेच्या व्हेपबद्दल ऐकलं असेल. त्यात एटोमिडेट असतं. ऑपरेशनआधी भूल देताना शिरेतून टोचायचं हे औषध, तेही भूलतज्ज्ञ शेजारी उभा असताना. पोरं ते शाळेच्या स्वच्छतागृहात ओढतात. पाय लटपटतात, जीभ जड होते, पडून डोकं फुटू शकतं. वारंवार घेतलं तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत तयार होणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही दबतं, म्हणून डॉक्टरांना एटोमिडेटचा संशय स्पष्ट बोलून दाखवा.

सिंगापूरने १ सप्टेंबर २०२५ पासून ते अमली पदार्थांच्या यादीत 'क' वर्गात घातलं. पहिल्यांदाच आणि स्वतःहून मदत मागायला येणाऱ्यांना दंड न करण्याची सोयही ठेवली आहे. पकडला जाण्याची वाट पाहू नका, या आठवड्यात घेऊन जा.

नवऱ्याला उपचाराला आणलं तर पोलीस केस होईल या भीतीने वर्ष काढलं. (सांगली)

डॉक्टरकडे आलेला पेशंट म्हणजे आरोपी नव्हे. आम्ही कोणाला पोलिसांच्या हवाली करत नाही. गुन्हा आधीच दाखल असेल, पण तो स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल, तर एनडीपीएसचं कलम ६४अ वाचून दाखवा वकिलांना. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार पुरे करावे लागतात, मध्येच सोडले तर संरक्षण जाऊ शकतं. कुठे जायचं ते १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर कळेल. फोन तुम्ही केलात तरी चालतो, त्यांनीच करायला हवा असं नाही.