निर्दोष सुटलो, तरी पडताळणीत नाव का येते?

प्रश्न : गावातल्या मारामारीत २०१९ मध्ये माझ्यावर भा.दं.वि. ३२४ खाली गुन्हा दाखल झाला. २०२२ मध्ये निर्दोष सुटलो. आता सरकारी नोकरीसाठी निवड झाली आहे. साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ असे विचारले आहे. सुटलोच आहे तर ‘नाही’ लिहिले तर चालेल, असे मित्र म्हणतात.

उत्तर : चालणार नाही. प्रश्न ‘शिक्षा झाली का’ असा नाही, ‘दाखल झाला होता का’ असा आहे. सुटका झाल्याने दाखल झालेला गुन्हा दाखल झालाच नव्हता असे होत नाही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय बराच स्पष्ट केला आहे. विचारलेली माहिती खरी हवी. मात्र जे नेमके विचारलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून दोष देता येत नाही. म्हणून नमुन्यातला प्रत्येक रकाना सुटा वाचा. अटक, गुन्हा दाखल, खटला प्रलंबित, शिक्षा, बंधपत्र हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि लोक घाईघाईत पाचांपुढे एकच ‘नाही’ ओढतात.

‘होय’ लिहून गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), पोलीस ठाणे, कलमे, खटला क्रमांक, न्यायालय आणि निकालाची तारीख द्या. निकालाची प्रमाणित नक्कल जोडा. ऑनलाइन काढलेली प्रत पुरत नाही. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून शिक्क्याची प्रत घ्या, तीही तीन-चार.

खरे सांगितले म्हणजे नोकरी पक्की, असे मात्र नाही. नेमणूक करणारे कार्यालय पूर्वचारित्र्य तपासू शकते. तिथे निकालाची भाषा महत्त्वाची ठरते. पुरावा तपासून आरोप खोटा ठरवला असेल तर ती सन्मानपूर्वक मुक्तता. साक्षीदार फितूर झाले किंवा संशयाचा फायदा मिळाला असेल, तर अधिकारी गुन्ह्याचे स्वरूप आणि पदाचे स्वरूप पाहतात. पोलीस भरतीत ही चाळणी फार बारीक असते. निकालाचा शेवटचा परिच्छेद वकिलाकडून आधीच समजून घ्या.

नमुन्यात चुकून ‘नाही’ गेले असेल तर पडताळणीचा अहवाल येण्याआधी लेखी दुरुस्ती द्या आणि पोच घ्या. किरकोळ प्रकरण लपवले गेले तरी ते माफ करण्याची मुभा अवतार सिंग निकालाने कार्यालयाला दिली आहे. पण आपण आधी सांगितले की पोलिसांनी, यावर पुढचे सगळे फिरते.

प्रश्न : शेजाऱ्याने एन.सी. दिली, त्यावरून चॅप्टर केसही झाली. हा गुन्हा धरायचा का?

उत्तर : एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, आणि ती एफ.आय.आर. नव्हे. चॅप्टर केस ही प्रतिबंधक कारवाई आहे, शिक्षा नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १२६ खाली शांततेचे बंधपत्र, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी, जास्तीत जास्त एक वर्षाचे, तर १२९ खाली चांगल्या वर्तणुकीचे तीन वर्षांपर्यंतचे असते. पण ‘कधी बंधपत्र लिहून घेतले होते का’ असा रकाना असेल तर उत्तर ‘होय’च.

प्रश्न : सुटल्यावर पोलिसांकडची नोंद पुसली जाते का?

उत्तर : आपोआप नाही, आणि साध्या अर्जावर सगळी नोंद पुसून देणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तशी सोय आहे. तिथल्या नातेवाइकांचे ऐकून बरेच जण इथे तसा अर्ज शोधत बसतात.

बोटांचे ठसे, फोटो वगैरेंची गोष्ट वेगळी. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे ही मापे ७५ वर्षे ठेवली जातात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर ती नष्ट करायची असतात. न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला असेल तरच ती राहतात.

व्यवहारात अडते ते निराळ्याच ठिकाणी. निकाल न्यायालयात लागतो, पण तो ठाण्याच्या नोंदीत चढत नाही. मग चारित्र्य प्रमाणपत्राच्या वेळी जुने प्रकरण ‘प्रलंबित’ दिसते. निकालाची नक्कल गुन्हा दाखल झालेल्या ठाण्यात अर्जासोबत द्या, सी.सी.टी.एन.एस.मध्ये (पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या गुन्हे नोंदींच्या संगणक प्रणालीत) निकाल नोंदवण्याची लेखी मागणी करा, पोच ठेवा. तपासातच प्रकरण बंद झाले असेल तर ए, बी की सी समरी (प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) हे विचारा आणि ती न्यायालयाने मंजूर केल्याचा आदेश मिळवा. ‘बी’ म्हणजे तक्रारच खोटी. ‘ए’ म्हणजे गुन्हा घडला, पण तपास लागला नाही. ‘सी’ म्हणजे तक्रार गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची.

प्रश्न : सोळाव्या वर्षी चोरीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळापुढे उभा होतो. ते आता आडवे येईल?

उत्तर : येऊ नये. बाल न्याय कायदा २०१५ चे कलम २४ अशा प्रकरणामुळे अपात्रता लागू देत नाही. बंद झालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करण्यास कलम ७४(२) पोलिसांना मनाई करते. वय मोजायचे गुन्ह्याच्या दिवशीचे. सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालला असेल तर हे संरक्षण नाही. साधी चोरी त्यात बसत नाही. नोंद वर आलीच तर मंडळाच्या आदेशाची नक्कल आणि ही दोन कलमे दाखवून लेखी हरकत घ्या.

प्रश्न : खटला चालू असताना पासपोर्ट मिळेल का?

उत्तर : न्यायालयाची परवानगी घेऊन मिळतो. १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एकच वर्षाचा निघतो. म्हणून परवानगीच्या अर्जातच मुदत मागा.

प्रश्न : सोसायटीत वॉचमन ठेवायचा आहे. त्याची गुन्हेगारी नोंद आम्हाला बघता येईल?

उत्तर : थेट नाही. सी.सी.टी.एन.एस. पोलिसांपुरते आहे, आणि माहिती अधिकारात दुसऱ्याची अशी माहिती सहसा नाकारतात. त्यालाच स्वतःचे चारित्र्य प्रमाणपत्र काढायला सांगा. ई-कोर्ट्सवर नावाने शोधता येते, पण एकाच नावाची दहा माणसे निघतात. वडिलांचे नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय कोणावर शिक्का मारू नका. गंमत एवढीच की तुमच्या वॉर्डातल्या उमेदवारावरचे प्रलंबित खटले त्याच्या प्रतिज्ञापत्रात कोणालाही वाचता येतात.