नाताळला सासरी भेट द्यायला घरच्या घरी लाकडी सर्व्हिंग बोर्ड करायचा आहे. साग घ्यावा की आंबा? आणि पॉलिश कोणतं मारावं?

लाकडाचं नंतर बघू. आधी ते पॉलिश डोक्यातून काढा. ज्या फळीवर केक कापायचा, पाव कापायचा, तिला मेलामाइन, पीयू, टचवुड यातलं काहीही लावू नका.

एवढ्या जोरात सांगतोय, कारण आमच्या घरात हा वाद दर नाताळला जेवणं उरकली की निघतो. आमचे भावोजी फर्निचरची कामं घेतात. माणूस हुशार आहे, मॉड्युलर किचन डोळे मिटून उभं करतील, पण चकाकलं म्हणजे काम झालं हाच त्यांचा धर्म. वसईतलं आमचं जुनं कौलारू घर उतरवलं तेव्हा माळ्याच्या फणसाच्या फळ्या निघाल्या. सागाचे वासे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं लगेच उचलले, रोख पैसे मोजून. फणसाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. भावोजी म्हणाले, "बंबात घाल." मी त्यातल्या दोन बऱ्या फळ्या बाजूला काढल्या.

वरून राखाडी, चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या. खिळे उपटण्यातच दुपार गेली. डोकं तुटलेला एखादा खिळा आत राहिला की रंध्याचं पातं गेलंच समजा, म्हणून लोहचुंबक फिरवून इंच न् इंच तपासला. मग रंधा मारला तसा आतून मधाच्या रंगाचा गाभा निघाला. फणस ताजा कापला की पिवळाधमक असतो आणि वर्षानुवर्षं उजेड खाऊन तपकिरी होत जातो. आमच्या आईच्या विळीचा पाटही फणसाचाच. त्यावर मासळी झाली, नारळ झाले, पाट अजून ठणठणीत आहे. त्याला कोणी कधी मेलामाइन मारलं होतं?

तर एक फळी मी तेल पाजून केली. दुसरी भावोजी हट्टानं घेऊन गेले आणि मेलामाइनचे हात मारून आणली. टेबलावर दोन्ही शेजारी मांडल्या तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याच फळीचं कौतुक केलं, आईनंसुद्धा. दिसत होतीच तशी, आरशासारखी. पण ईस्टर येईपर्यंत सुरीच्या रेघांतून पाणी आत शिरलं, थर पांढरट पडला आणि कडेला नखानं सोलून निघायला लागला. सुटलेला थर गेला कुठे? पावाबरोबर पोटात. मेलामाइन पॉलिश म्हणजे फॉर्मल्डिहाइडपासून केलेलं रेझिन. पूर्ण सुकलं की त्रास नाही, असं भावोजी म्हणतात. असेलही. पण त्याचे तुकडे खावेत म्हणून ते कुणी बनवलेलं नाही ना? तेलाची फळी म्हणजे अर्धवट काम, हे त्यांचं पालुपद अजून चालूच आहे. संत योसेफ सुतार होता, त्याचीही सगळी कामं मग अर्धवटच म्हणायची.

तेल कोणतं? केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन मिळतं, बद्धकोष्ठावर देतात तेच. साधं, पारदर्शक, बिनवासाचं बघून घ्या. त्यात दुसरं औषध घातलेली पांढरी मिश्रणं असतात, ती नकोत. सढळ हातानं चोपडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा, पुन्हा लावा. लाकूड प्यायचं थांबेपर्यंत हेच. आडव्या कापाची दोन टोकं सगळ्यात जास्त पितात, तिथे कंजुषी नको. आणि दोन्ही बाजूंना सारखंच लावा. एकाच बाजूला लावलंत तर फळी बाक धरते. शेवटी चार भाग पॅराफिनमध्ये एक भाग मधमाश्यांचं मेण गरम पाण्यावर वितळवून चोळा. शेंगदाण्याचं तेल लावू नका, खवट होतं आणि चिकटा धरतं. घाण्याचं जवस तेल चालतं, पण सुकायला आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' जवस तेल मात्र या कामाला नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. जवसाचं कुठलंही तेल वापरलंत तर चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप पेट घेतो. उघड्यावर पसरून वाळवा.

आता लाकूड. साग उत्तम, त्यात वाद नाही. फक्त महाग, आणि त्यातल्या सिलिकामुळे पात्यांची धार लवकर जाते. आंबा स्वस्त, पण कच्चा घेतलात तर कीड लागून खाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. वखारीत नीट वाळलेलाच मागा. फणस मिळाला तर दोन्ही सोडा आणि तो घ्या. जाडी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच तरी ठेवा. एकाच अखंड फळीचा करा, म्हणजे फेविकॉलचा प्रश्नच उरत नाही. पॉलिश पेपर १२०, १८०, २४० असा चढत जा. मग ओल्या फडक्यानं पुसा. वाळल्यावर तंतू उभे राहतात, ते २४० नं पुन्हा घासा. ही पायरी गाळलीत तर पहिल्याच धुण्यात फळी खरखरीत होईल. हँडल, नक्षी वगैरे तुमच्या आवडीनं करा, मला त्यातलं फार कळत नाही.

आणि हो, जुनं लाकूड घ्या म्हणतोय म्हणून कुठलंही उचलू नका. रंगवलेलं, डांबर लावलेलं, वाळवीचं औषध पाजलेलं लाकूड खाण्याच्या कामाला अजिबात नाही. तयार फळीवर कच्चं मटण-मासळी कापायची नाही आणि ती सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही.

आगमन काळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार येईल तेव्हा घासकाम उरकलेलं असू द्या. तेलाचा शेवटचा हात २५ डिसेंबरच्या आधी आठवडाभर तरी, नाहीतर केकखालचा कागद तेलकट होतो. फळीबरोबर तेलाची छोटी बाटली द्या. आणि सासरी कोणी फर्निचरवाला असेल तर भेट देतानाच चारचौघांत बजावून ठेवा की हिला पॉलिश करायचं नाही.