पहिला दिवा विद्यार्थ्यांनाच पेटवू द्या

विद्युत परिपथाचा पहिला तास आकृतीने सुरू करू नये, असे मी आपणास आवर्जून सांगेन. प्रत्येक जोडीला १.५ व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि तारेचा एकच तुकडा द्यावा, बल्ब पेटवण्यास सांगावे आणि आपण बाजूला उभे राहावे. अनेक मुले प्रथम सेलच्या एकाच टोकापासून बल्बपर्यंत तार नेतात, कारण उपकरणाला त्यांना एकच वायर दिसते (तिच्या आत दोन किंवा तीन तारा असतात, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते). बल्बच्या तळाचा बिंदू आणि बाजूचे धातूचे आवरण ही दोन वेगळी टोके आहेत, हे एकदा त्यांच्या लक्षात आले की बंद परिपथाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही. त्यासाठी अर्धा तास गेला तरी जाऊ द्यावा. सेलची दोन्ही टोके तारेने थेट जोडल्यास तार तापते, तेव्हा ती लगेच सोडायची, एवढे मात्र आधीच बजावावे. बटण सेल वर्गात आणूच नयेत. गिळल्यास ते गंभीर इजा करतात.

एलईडी नंतर घ्यावा. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागत असल्याने तो एका सेलवर पेटत नाही.

रचनेचे काम देताना ‘काहीतरी बनवा’ असे न म्हणता नेमकी अट घालावी: पुठ्ठ्याचा डबा उघडताच दिवा लागला पाहिजे आणि झाकताच विझला पाहिजे. पहिला नमुना चालला नाही, तर तो आपण दुरुस्त करून देऊ नये. परिपथ कोठे तुटला आहे हे कसे शोधाल, इतकेच विचारावे.